निर्णय विद्यापीठाचा, भार कोणावर?

विद्यापीठांच्या नावांच्या बाबतीत नगर जिल्हा भाग्यवान म्हटला पाहिजे. या जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाते. हा योग निव्वळ नावांचाही नाही. मुलींसाठी शाळा काढण्याचा विचार जोतीरावांच्या मनात पक्का झाला, तो नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये मिस फॅरार चालवीत असलेल्या मुलींच्या शाळा पाहून. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले तेही याच बाईंच्या नगरच्या संस्थेत, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. त्यात २०२४ साली खुद्द जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे.

नामकरणाचा समारंभ एका दिवसात आटोपतो. ज्याचे नाव घेतले त्याच्या कसोटीला संस्था उतरते काय, हे पाहण्याचे काम मात्र कोणी अंगावर घेत नाही. ही कसोटी कोणती, ते जोतीरावांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, ते सरकारच्या शिक्षणविषयक धोरणाचे कठोर लेखापरीक्षणच होते. तिजोरीत पैसा येतो कोठून आणि तो खर्ची पडतो कोणासाठी, असा सरळ प्रश्न त्यांनी केला. सारा भरते ती कष्टकरी रयत आणि उच्च शिक्षणाचा लाभ पदरात पडतो तो वरिष्ठ वर्गाच्या, हे त्यांनी दाखवून दिले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. चढाओढीने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत वरवर पाहता न्याय्य दिसते. तथापि ज्यांच्या घरी विद्या आधीच पोचली आहे त्यांनाच तिचा उपयोग होतो आणि इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, असेही त्यांनी आयोगाला बजावले. नियम सर्वांना एकच असला म्हणून त्याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही, हे त्या निवेदनाचे मर्म होते. त्या परीक्षणाला आता एकशे चाळीसहून अधिक वर्षे लोटली. फुले दांपत्याच्या नावाने चालणाऱ्या विद्यापीठांनी आपल्या निर्णयांचे असे परीक्षण चालविल्याचे दिसत नाही.

विद्यापीठांकडे योजना नाहीत, असे मुळीच नाही. पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते आणि खेड्यातून आलेल्या कित्येक मुलांची मेसची बाकी तिच्यामुळे फिटते. मुलींसाठी 'निर्भय कन्या' अभियान आहे, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आहेत. अहवालात या साऱ्यांची नोंद असते आणि लाभार्थींची संख्या दरवर्षी छापली जाते. प्रश्न आहे तो दुसऱ्या रकान्याचा, आणि तो रकाना अहवालात नसतो. काय दिले हे विद्यापीठ सांगते. त्याच वर्षी घेतलेल्या इतर निर्णयांमुळे कोण बाहेर राहिले, हे सांगत नाही. समतेचा विषय विद्यार्थी विकास मंडळाकडे सोपविला की अभ्यासक्रम, परीक्षा, शुल्क, वेळापत्रक आणि नव्या महाविद्यालयांची परवानगी यांचा समतेशी काही संबंध उरत नाही, अशी समजूत करून घेतली गेली आहे. वस्तुतः विषमता वाढते ती याच खात्यांतून.

सत्र पद्धतीचे उदाहरण घ्यावे. वर्षातून दोन परीक्षा, जोडीला अंतर्गत मूल्यमापन, चाचण्या, प्रकल्प आणि ७५ टक्के उपस्थितीची अट, अशी ही रचना आहे. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात खोट काढणे कठीण. वर्षअखेरीच्या एका परीक्षेवर विद्यार्थ्याचे नशीब टांगण्यापेक्षा वर्षभर काम करून घेणे केव्हाही चांगले. परंतु पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड तालुक्यांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला घराबाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तेथे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात असेल तर पहिल्या सत्राची परीक्षा जवळ येते तेव्हाच गाव ओस पडू लागते, आणि दुसरे सत्र बहुतांशी पडाव फडावर असतानाच सरते. घरी मागे राहिलेल्याला म्हातारी आजी, धाकटी भावंडे आणि दावणीची जनावरे सांभाळावी लागतात. जुन्या वार्षिक पद्धतीत असा विद्यार्थी उन्हाळ्यात रात्रंदिवस पुस्तक घेऊन बसे आणि निदान परीक्षेला तरी बसू शके. अंतर्गत गुण मात्र नंतर मिळविता येत नाहीत. सत्र पद्धती आणताना या मुलांचा विचार झाला असता तर ती रद्द करावी लागली असती असे नव्हे. स्थलांतरित कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी चाचण्यांचे वेगळे वेळापत्रक, साखर कारखान्याच्या परिसरातील महाविद्यालयात तात्पुरती हजेरी लावण्याची मुभा, असे उपाय शोधता आले असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये जाहीर केली. म्हणजे हंगामाचा शिक्षणाशी काय संबंध आहे, हे सरकारला कळले. विद्यापीठाच्या वेळापत्रकापर्यंत ते ज्ञान अद्याप पोचायचे आहे.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने यात आणखी भर घातली आहे. २०२० साली जाहीर झालेले हे धोरण महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स, अशा पायऱ्या त्यात आहेत. कोणत्याही पायरीवर उतरावे आणि जमेल तेव्हा पुन्हा चढावे, ही कल्पना ऐकायला फार उदार वाटते. परंतु उतरणार कोण? पुण्यातील वकिलाचा मुलगा पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन घरी बसणार नाही. उतरेल ती एकोणिसाव्या वर्षी लग्न ठरलेली शेतमजुराची मुलगी. उतरेल तो बापाचे कर्ज फेडण्यासाठी चाकण किंवा सुप्याच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागलेला मुलगा. पूर्वी यांची नोंद 'गळती' म्हणून होई. त्या शब्दात संस्थेला थोडी तरी लाज वाटावी असे काही होते. आता तीच नोंद 'निर्गम' म्हणून होईल, हातात प्रमाणपत्र असेल आणि संस्थेच्या कागदावर सारे आलबेल दिसेल. पहिल्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांत मुली किती, आदिवासी व दलित किती, कोणत्या तालुक्यातील किती, आणि त्यांतून पुन्हा परतले किती, हे दरवर्षी छापल्याखेरीज या उदारपणाची किंमत कोण मोजतो आहे ते कधीच कळणार नाही.

याच धोरणात प्रत्यक्ष कार्यानुभवाला श्रेयांक आहेत. नगर शहराच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते साधेल. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी समाजाच्या मुलाने अनुभव घ्यायचा कोठे, आणि त्यासाठी शहरात खोली घेऊन राहायचे कोणाच्या पैशावर?

एसटीचा प्रश्न क्षुल्लक समजून विद्यापीठीय चर्चेत कोणी काढत नाही. खेड्यातील मुलीच्या बाबतीत मात्र निकाल तेथेच लागतो. ग्रामीण भागातील मुलींना एसटीचा पास विनामूल्य देणारी योजना अहिल्याबाई होळकरांच्याच नावाने चालते आणि जिल्ह्याच्या नव्या नावाला शोभेल असे काम तिने खरोखर केले आहे. ही सवलत बारावीपर्यंतच आहे. म्हणजे जेथे विद्यापीठाचे दार लागते, नेमका तेथेच मोफत पास संपतो. पुढे विद्यार्थी सवलतीचा पास मिळतो, त्यासाठी भाड्याचा सुमारे एक तृतीयांश भाग घरातून द्यावा लागतो. दोन मुलगे आणि एक मुलगी असलेल्या कोरडवाहू घरात ही रक्कम कोणाच्या नावावर टाकली जाईल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. भाडे ठरविणे विद्यापीठाच्या हाती नाही, हे मान्य. सकाळी साडेसातचे प्रात्यक्षिक ठेवणे किंवा न ठेवणे, परीक्षेचे केंद्र मुक्कामी गाडी पोचते अशा गावी देणे किंवा तीस किलोमीटर दूर देणे, हे तर त्याच्या हाती आहे! स्वसंरक्षणाचे एक दिवसाचे शिबिर घेऊन मुलीला निर्भय करायचे आणि संध्याकाळची तासिका शेवटची गाडी गेल्यावर संपवायची, यातील विसंगती कोणाच्या लक्षात येऊ नये याचे नवल वाटते.

मुलींच्या शुल्कमाफीचा राज्य सरकारचा निर्णयही असाच तपासून पाहण्याजोगा आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिक व सामाजिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. निर्णय स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळलेली आहेत, आणि जिल्ह्यातील वैद्यकीय शिक्षणाचे मोठे केंद्र असलेले लोणीचे विद्यापीठ अभिमत आहे. शिवाय शुल्क माफ झाले तरी वसतिगृह आणि खाणावळ माफ होत नाही. आणि प्रवेश परीक्षेच्या शिकवणीचा खर्च तर त्याआधीच करावा लागतो. सवलत दारापर्यंत पोचलेल्या मुलीसाठी आहे. दारापर्यंतचा रस्ता अजून पूर्वीइतकाच लांब आहे.

या रस्त्याची लांबी जिल्ह्यात सर्वत्र सारखी नाही. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्याचे चौदा तालुके आणि त्यांत दोन वेगळ्या दुनिया आहेत. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांनी भिजलेल्या उत्तर भागात सहकारी साखर कारखाने आले आणि कारखान्यांच्या पाठोपाठ महाविद्यालये आली. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे त्याच वर्षी ती उभी राहिली. ज्यांच्यापाशी भांडवल आणि संघटना होती त्यांनी संधी घेतली, यात त्यांचा दोष नाही. या संस्थांमुळे शेतकऱ्यांची मुले अभियंते झाली, हेही खरे. परंतु पर्जन्यछायेतील दक्षिणेच्या वाट्याला ना पाणी आले, ना भांडवल. म्हणून ना तशी महाविद्यालये आली. नवी महाविद्यालये कोठे काढावीत हे ठरविण्यासाठी विद्यापीठाने बृहत् आराखडा करावा, तो करताना शिक्षणापासून वंचित राहिलेल्या भागांचा विचार करावा, असे २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो. आराखडा होतो, त्यात गावांची नावे येतात. २००१ नंतर मात्र राज्याने नव्या महाविद्यालयांसाठी कायम विनाअनुदानाचे धोरण पत्करले. तेव्हा आराखड्यात गाव आले तरी, विद्यार्थ्यांकडून शुल्क घेऊन प्राध्यापकांचा पगार भागेल अशाच ठिकाणी संस्थाचालक जाणार. गरजेचा नकाशा विद्यापीठ काढते आणि त्यावर पाय रोवण्याचा अधिकार पैशाला मिळतो. दोन्ही निर्णय एकमेकांसमोर ठेवून त्यांचा एकत्रित परिणाम पाहिला असता, तर एकाने दुसऱ्याला निकामी केले आहे हे सहज ध्यानात आले असते.

राहुरीकडे पाहिले तर प्रश्न जमिनीपाशीच सुरू होतो. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांसाठी आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी संपादित झाल्या. ज्या प्रकल्पाने दहा जिल्ह्यांतील शेतीला शास्त्राची जोड द्यायची, त्याच्या पायाशी असलेली कुटुंबे मात्र प्रकल्पग्रस्त ठरली. त्यांची मुले-नातवंडे नोकरीच्या मागणीसाठी वर्षानुवर्षे उपोषणे आणि मोर्चे करीत आली आहेत. त्यांच्या प्रत्येक मागणीचा कायदेशीर निवाडा वेगळा होईल. परंतु विद्यापीठाने समाजाला काय दिले याचा हिशेब मांडताना जमीन देणाऱ्यांच्या तिसऱ्या पिढीचे काय झाले, हा आकडा त्यात असावा, ही अपेक्षा अवास्तव कशी म्हणता येईल?

सातबाऱ्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कृषी पदवीच्या प्रवेशात शेतजमीनधारक कुटुंबातील उमेदवाराला वाढीव गुण देण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ चालत आली. हेतू निर्मळ होता: शेतीचे शिक्षण शेतकऱ्याच्या मुलाला मिळावे. परंतु उताऱ्यावर नाव असते मालकाचे, राबणाऱ्याचे नव्हे. शहरात नोकरी करणाऱ्या आणि गावी वडिलोपार्जित चार एकर असलेल्या अधिकाऱ्याच्या मुलाला ते गुण मिळतात. दुसऱ्याची जमीन बटाईने कसणाऱ्याला, सालगड्याला, पिढ्यान्पिढ्या जमिनीची मालकीच नाकारल्या गेलेल्या दलित वस्तीतील मजुराला उतारा आणायचा कोठून? भूमिहीनांसाठी वेगळ्या दाखल्याची सोय नियमात ठेवली तरी सातबारा तलाठ्याकडे आयता तयार असतो आणि भूमिहीनतेचा पुरावा मात्र तहसील कचेरीच्या चकरा मारून गोळा करावा लागतो, हा फरक उरतोच. शेतीची निम्म्याहून अधिक कामे करणाऱ्या बाईचे नाव उताऱ्यावर अपवादानेच आढळते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला त्यासाठी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीमच काढावी लागली होती. तात्पर्य, शेतकऱ्याच्या भल्यासाठी केलेला नियम शेतकरी या शब्दाचा अर्थच मालकापुरता आकसून टाकतो. शेतकऱ्याचा असूड ज्यांनी लिहिला, त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने तरी या नियमाचा लाभ कोणत्या समाजाला व किती धारणक्षेत्राच्या कुटुंबांना मिळाला, याची वर्षवार मांडणी करून दाखवावी.

संशोधनाचेही असेच आहे. कोरडवाहू ज्वारी-हरभऱ्यावर राहुरीने केलेले काम दक्षिणेतील लहान शेतकऱ्याच्या उपयोगी पडले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मग ऊसतोडणी यंत्राचा प्रचार करताना त्याने किती कोयते रिकामे होतील आणि ती माणसे कोठे जातील, हा प्रश्न अभियंत्याचा नाही म्हणून सोडून देता येणार नाही.

या जिल्ह्यात समतेचा प्रश्न केवळ आकड्यांचा नाही, याचीही आठवण ठेवावी लागते. २०१३ साली सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली. २०१४ साली खर्ड्यात एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला आणि त्या खटल्यातील आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. ज्या गावांतून ही बातमी येते त्याच गावांतून महाविद्यालयाचे वर्ग भरतात. भेदभाव रोखण्यासाठी समान संधी कक्ष आणि तक्रार ऐकणारा अधिकारी असावा, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी सांगितले. कक्षाची पाटी लागते. वर्षभरात एकही तक्रार आली नाही, याचा अर्थ भेदभाव नाही असा घ्यायचा, की तक्रार करण्याची छाती नाही असा, हे मात्र पाटीवरून समजत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, प्राध्यापक आणि लिपिक आधीच मूल्यांकनाच्या आणि मानांकनाच्या फायलींखाली दबून गेले आहेत. त्यांत आणखी एका तक्त्याची भर कशाला? आक्षेप रास्त आहे. ब्रिटनमध्ये मॅकफर्सन समितीच्या १९९९ च्या अहवालानंतर आणि पुढे २०१० च्या समता कायद्याने, निर्णय घेताना त्याचे समतेवर होणारे परिणाम विचारात घेण्याचे बंधन विद्यापीठांसह सर्व सार्वजनिक संस्थांवर आले. तेथेही पुष्कळ ठिकाणी त्याची परिणती चौकटीत खुणा करण्यात झाली, अशी टीका होते. परंतु नगरच्या लिपिकाला नवे काही भरावे लागणार नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी २०१०-११ पासून प्रत्येक महाविद्यालय मुले-मुली, अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, अपंग अशी विद्यार्थिसंख्या दरवर्षी भरून देतच आहे. ते आकडे दिल्लीला जातात आणि तालुक्याला परत येत नाहीत. ज्याने ते रात्री जागून भरले त्यालाही त्यांतून काय निघाले ते कळत नाही. तेच आकडे तालुकावार लावून मराठीत छापले, तरी अर्धे काम होईल.

आणि असे काम नवखे आहे, असेही नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला आरोग्यप्रकल्प सुरू केला, तेव्हा दवाखान्यात कोण येते यापेक्षा कोण येत नाही, याचा शोध त्यांनी आधी घेतला. गावातल्याच बायका, त्यांत अनेक निरक्षर आणि दलित, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्या दोघांना मिळाला. कारखाना किंवा धरण उभारताना पर्यावरणावर होणाऱ्या परिणामाचा अहवाल १९९४ पासून देशात सक्तीचा आहे. हजारो विद्यार्थ्यांचे आयुष्य वळविणाऱ्या परीक्षापद्धतीसाठी एक पानाचेही टिपण लागू नये?

विद्यापरिषदेपुढे येणाऱ्या प्रत्येक प्रस्तावासोबत असे टिपण जोडावे: या निर्णयाने कोणत्या विद्यार्थ्याचा वेळ, पैसा किंवा प्रवास वाढेल, आणि त्याची भरपाई कशी होईल. वर्षाअखेरीस प्रत्यक्ष काय घडले ते अधिसभेपुढे ठेवावे. नगर जिल्ह्यातून निवडून जाणारे अधिसभा सदस्य शुल्कवाढीवर आणि निकालाच्या विलंबावर तावातावाने बोलतात. त्यांनी एवढी मागणी लावून धरली तर कुलगुरूंना ती नाकारणे अवघड जाईल. सारे विद्यापीठ एकदम जमत नसेल तर अकोले आणि पाथर्डी हे दोनच तालुके घ्यावेत. तेथील महाविद्यालयांत यंदा पहिल्या वर्षाला नाव घातलेल्या प्रत्येक मुलामुलीचा तीन वर्षे माग ठेवावा, आणि जो वर्गातून नाहीसा होईल त्याच्या घरी जाऊन कारण विचारावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना याहून उपयुक्त काम देता येणार नाही. मात्र पाथर्डीच्या घरांना दिवाळीआधी किंवा पाडव्यानंतर भेट द्यावी. मधल्या काळात तेथे कुलूप असते.